दोन्ही

गुरुवारी आमची गाडी मासळीबाजाराच्या मागे उभी असते.
वाल्पाराइसोचं धुकं तोवर टेकड्या उतरून
दारापाशी आलेलं असतं,
आत यायचं तेवढं बाकी.
धक्क्याखाली समुद्रसिंह ओरडतात,
कुणीतरी त्यांचे पैसे बुडवल्यासारखे.

निबाल्दो आला तो टोपी हातात घेऊन,
चर्चमध्ये शिरावं तसा.
वय अठ्ठावन्न. बंदरात क्रेन चालवतो.
बोटांना वंगणाचा वास, पण कॉलरला इस्त्री.
इस्त्रीवरून कळलं,
हा माणूस सकाळपासून इथे यायला निघालाय.

फॉर्मवरचे प्रश्न मला पाठ आहेत.
विचारून विचारून त्यांचे कोपरे झिजलेत.
शेवटची तपासणी कधी केली?
कधीच नाही.
निरोध?
कधी कधी. मग, जरा थांबून: क्वचित.
संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी, की दोन्ही?

या प्रश्नाला माणसं खिडकीकडे बघतात.
आमच्या गाडीला खिडकी नाही,
म्हणून त्याने आग विझवायच्या नळकांड्याकडे पाहिलं.
त्यावरची सूचना अख्खी वाचली,
पिन ओढा, दांडा दाबा, सगळं.
घसा खाकरला.
"दोन्ही," म्हणाला.

एवढासा शब्द.
त्याचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला,
आणि निकाल तर अजून यायचा होता.
मी चौकटीत खूण केली,
कुणी पत्ता सांगितल्यावर करावी तशी.
माझं अर्धं काम हेच:
आश्चर्य न वाटणं.

बोटाला सुई. एक थेंब.
अख्खी जहाजं रिकामी करणारा हात
त्या थेंबापाशी थरथरला.
मग पंधरा मिनिटं.

पंधरा मिनिटांत माणूस काय काय सांगतो.
बायको, ओर्तेन्सिया, चार वर्षांपूर्वी गेली.
"तिच्यावर माझं प्रेम होतं. लिहून घ्या."
तशी चौकट नसते. मी कडेला लिहिलं.
मग तो दुसरा, चिलोए बेटावरचा तांडेल,
वर्षातून दोनदा या बंदराला लागणारा.
"तेही खोटं नव्हतं."
तेही लिहिलं, त्याच कडेला, बारीक अक्षरात.

मी नेहमीचं सांगितलं.
घशाची तपासणी होते, गुदद्वाराचीही,
कापसाची काडी असते, तिला कसली लाज.
सिफिलिस चोरपावलांनी येतो, औषधाने जातो.
लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्या असतात.
आणि सुख हाही आरोग्याचाच भाग आहे.
हे शेवटचं पत्रकात छापलेलं नाही,
ते पदरचं.

त्याने विचारलं ते सगळेच विचारतात.
"आणि निघालं तर?"

मी खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली.
एकोणीस वर्षं झाली. आधी मूठभर, आता एक,
रोज संध्याकाळचा चहा-पाव झाला की.
"माझ्या रक्तात तो इतका दबून बसलाय
की यंत्रालाही सापडत नाही.
आणि जोवर सापडत नाही, तोवर अंथरुणात
माझ्याकडून माझ्या माणसाला जात नाही.
माझा माणूस, एबेर, घोरतो.
घरात तक्रार आहे ती तेवढीच."

निबाल्दो हसला. दात कमी होते, हसू पुरेपूर.

पट्टीवर रेघ एक उमटली की दोन,
ते तुम्हाला सांगणार नाही.
ते त्याचं आहे.

एवढं सांगतो: तो दारात थांबला,
टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.
"ऑगस्टमध्ये त्याची बोट येते," म्हणाला,
"त्याला आणलं तर चालेल? तो घाबरट आहे."
जसा काही हा स्वतः नव्हता.
मग धुक्यात पायऱ्या चढत गेला,
एक भटकं कुत्रं त्याला सोडायला.

फॉर्मवर नाव नसतं, आकडा असतो.
वर पाठवण्याआधी कडेचं खोडायचा नियम आहे.
खोडरबर शोधलं.
हाताशीच होतं.